चिमूरमधलं एकमेव मशीन

१४ मे २००७

आजपासून मिथुन मंडलचं नाव या घरात कोणी घ्यायचं नाही. आईला, बायकोला म्हणजे पुनमला आणि नूतनला जेवायला बसल्यावर तसं बजावून सांगितलं. आई म्हणाली, "मंग मासोळी कोण आणन?" बायकांना धंद्यातलं काही कळत नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी मलाच दोष देणार नाही.

माझा मावसभाऊ अजय अमेरिकेत असतो. या खेपेला येताना त्याने एचडी डीव्हीडीचं मशीन आणलं. एकशेदहा व्होल्टचं आहे, त्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो ट्रान्सफॉर्मर भुंग्यासारखा गुणगुणतो. पण चित्र? नवरीच्या गालावरच्या हळदीचा कण न् कण वेगळा दिसतो. हे मशीन चिमूरमध्ये एकमेव, जिल्ह्यातही बहुतेक एकमेव. आणि गंमत म्हणजे आपल्या साध्या कोऱ्या डिस्कवरही हे चित्र बसवता येतं. वीस-बावीस मिनिटंच मावतात आणि अशी डिस्क दुसऱ्या कुठल्याही मशीनवर चालत नाही, पण चालते ती झकास. ही युक्ती मिथुननेच शोधून काढली. आठवडाभर कॉम्प्युटरला डोकं लावून बसला होता.

आणि तोच काल म्हणतो, "श्रावणदा, मशीन मस्त हाय. पण तिकडं दुसरी ब्लू-रे निंघाली. तिच्यात जास्त मावते. सिनेमावाल्या अर्ध्या कंपन्या इकडं, अर्ध्या तिकडं. कोण टिकते पाहू अन् मंग पैसा लावू."

मी म्हटलं, "माहा भाऊ सात समुद्र ओलांडून आणते, अन् तू मले थांब म्हंतं?"

"मशीनले नाव नाई ठेवून राह्यलो जी. थांब म्हंतो फक्त."

मुलचेऱ्याच्या बंगाली वस्तीतून आला तेव्हा लग्नात लाईट धरायचा. माझ्या आईच्या हातचं खाऊन मोठा झाला, भागीदार झाला आणि आता मला अक्कल शिकवतो. शब्दाला शब्द वाढत गेला. शेवटी मी 'श्रावण-मिथुन व्हिडिओ' या पाटीचा अर्धा भाग करवतीने कापून त्याच्या हातात दिला. कॅमेरे दोन होते, एकेक घेतला. दुकान माझं, कॉम्प्युटर माझा आणि शूटिंगचे तुकडे जोडून मिक्सिंग करणारी नूतन माझी सख्खी बहीण. त्याच्याकडे राहिला एक कॅमेरा, एक ट्रायपॉड आणि अर्धी पाटी.

नूतन संध्याकाळी म्हणाली, "भाऊ, मिथुन बरोबर म्हणून राह्यला." नाव घ्यायचं नाही हा नियम पहिल्याच दिवशी मोडला.

२ जून

बसस्टँडसमोर त्याने दुकान टाकलं. अर्ध्या पाटीवरचं 'मिथुन व्हिडिओ' तसंच ठेवून खाली निळ्या रंगात 'ब्लू-रे' लिहिलं. मशीन म्हणून काय ठेवलंय तर पोरांचा गेम खेळायचा काळा डबा! म्हणे तो ब्लू-रेही वाचतो. आता लोकांनी लग्नं खेळण्यावर पाहायची.

लच्छूच्या पानठेल्यावर दोन पार्ट्या पडल्या आहेत. एक एचडीवाले, एक ब्लू-रेवाले. दोन्हींतल्या एकानेही दोन्हींतलं एकही चित्र पाहिलेलं नाही, तरी काल कॉलर धरण्यापर्यंत गेलं. बुधू न्हावी ब्लू-रेच्या बाजूने बोलला, म्हणून मी दाढी घरीच करतो आहे. गालावर दोन ठिकाणी कापलं.

१९ जून

एक नामी डाव सुचला. पानठेल्यावर सहज बोलून सोडलं की ब्लू-रे म्हणजे निळा किरण, आणि निळ्या किरणाने डोळ्यांची नजर जाते. नागपूरच्या एका डॉक्टरने सांगितलं म्हणालो. डॉक्टरचं नाव कोणी विचारलं नाही.

२७ जून

डाव फारच चांगला बसला. नेरीच्या एका पार्टीने मिथुनला दिलेलं बारशाचं काम काढून घेतलं. मग ती पार्टी माझ्याकडे आली आणि त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "भाऊ, तुह्या मशीनमंधी कोणत्या रंगाचा किरण हाय?"

आता एचडी डीव्हीडीतही किरण निळाच असतो. हे मला ठाऊक होतं, पण म्हाताऱ्याला कसं सुचलं कळत नाही. मी हिरवा म्हणून सांगणार, एवढ्यात नूतन मागून बोलली, "निळाच हाय, बाबाजी." म्हातारा मलाही काम न देता फोटोवाल्याकडे गेला.

नूतनला फाडफाड बोललो. ती शांतपणे म्हणाली, "खोटं बोलून त्याचं पोट माराचं होतं, आता दोघायचंही मेलं." त्याच्या पोटाची हिला काय पडली आहे?

८ जुलै

रागाच्या भरात नाही, विचार करून ठरवलं. नूतनला तिकडे पाठवायचं. ती रुसून गेल्यासारखं करेल, त्याला दोन-चार तास मिक्सिंगमध्ये मदत करेल आणि त्याचं काय चाललंय ते मला सांगेल. मला वाटलं होतं, ती तयारच होणार नाही. पण सांगितल्याबरोबर वेणी घालायला बसली. माझ्यासाठी ही पोरगी काय वाटेल ते करेल.

५ ऑगस्ट

नूतन रोज जाते. बातमी विचारली की म्हणते, "काही नाई, काम करते थो." असं कसं? सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणूस नुसतं काम करतो? काहीतरी लपवत असणार. मी तिला अजून जास्त वेळ थांबायला सांगितलं.

ती आता बंगाली शिकते आहे. भांडी घासताना पुटपुटत असते. हे तिला मी सांगितलेलं नव्हतं, तिचंच डोकं. शत्रूची भाषा येत असलेली केव्हाही बरी.

मिथुनने आईसाठी रोहू पाठवला. उघड उघड लाच आहे. मी ताटावरून उठणार होतो, पण माशाचा ब्लू-रेशी तसा काही संबंध नाही म्हणून खाल्ला. नूतनने केला होता, मोहरी वाटून. काटे कसे काढायचे तेही ती आता आम्हाला शिकवते.

११ नोव्हेंबर

मोहर्लीला जाऊन आलो. तिथल्या वाघांच्या जंगलालगतच्या एका रिसॉर्टच्या मॅनेजरला खोल्याखोल्यांत मोठे टीव्ही लावून जंगलाची फिल्म दाखवायची आहे. ज्याची फिल्म घेतील, त्याचंच मशीन खोल्याखोल्यांत बसणार. हे काम मिळालं तर बसस्टँडसमोरची पाटी उतरलीच समजा.

आम्हा दोघांनाही एकाच दिवशी बोलावलं होतं. मी मशीन गोधडीत गुंडाळून, मांडीवर ट्रान्सफॉर्मर घेऊन जीपमध्ये बसून गेलो. मिथुन आधीच आलेला. मला बघून उठला आणि ट्रान्सफॉर्मर घ्यायला हात पुढे केला. मी तो खाली ठेवला, पण त्याच्या हातात दिला नाही.

माझ्या फिल्ममध्ये वाघीण रस्ता ओलांडते. त्याच्याकडे वाघ नव्हताच. तळ्यावरचं धुकं, मोहाचं झाड, वाळवीचं वारूळ आणि एक चितळ कान हलवत उभं. मॅनेजर बघतच राहिला. म्हणाला, "वाघ तर लोक जिप्सीतून पाहतातच. पण निर्णय मी आत्ता नाही घेणार. सिनेमावाल्या मोठ्या कंपन्या कोणत्या बाजूला जातात ते पाहू, मग एकाच वेळी सगळी मशीनं घेऊ."

बाहेर मिथुन म्हणाला, "वाघीण भारी घेतली, श्रावणदा. फोकस कुठी तुटला नाई." कुचकटपणा कसा करावा तो त्याच्याकडून शिकावा.

नूतन त्याच्या फिल्मचं मिक्सिंग करून आली होती हे मला त्या चितळाच्या कानावरून कळलं. असा शॉट इतका वेळ धरून ठेवायची सवय तिचीच. हेर म्हणून जरा अतीच मेहनत घेते आहे.

४ डिसेंबर

आज अब्रू गेली. भिसीला लग्न होतं. मुलाकडच्यांनी मला सांगितलं आणि मुलीकडच्यांनी त्याला. एका मांडवात दोन कॅमेरे.

व्हिडिओवाल्याने लग्नात काहीही चुकवावं, पण नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो तो क्षण चुकवू नये. तो चुकला की पार्टी पुढची दहा वर्षं रस्त्यात गाठून भांडते. आमची जुनी पद्धत अशी की मी भावाचा चेहरा धरायचा आणि मिथुनने समोर बसून कान. मग नूतन दोन्ही जोडायची. एकदाही चुकलं नाही.

आज दोघांनाही दोन्ही पाहिजे होतं. मी त्याला कोपर मारलं, तो सरकला आणि माझ्या चौकटीत त्याचं डोकं आलं. भावाला म्हटलं, पुन्हा पिळ. त्याने पिळला. तेवढ्यात मिथुनचा लाईट माझ्या वायरीत अडकून विझला. तिसऱ्यांदा पिळायला लावल्यावर नवरदेव उठला. कान टमाट्यासारखा झाला होता. "लगन माहं हाय का तुमचं?" म्हणाला. मांडव हसत होता आणि मिथुनही हसत होता. मलाही हसू येणार होतं, पण आवरलं. वेळीच आवरलं.

८ जानेवारी २००८

अमेरिकेतली एक मोठी सिनेमा कंपनी ब्लू-रेकडे गेली. अजयने फोनवर सांगितलं. सांगताना खोकत होता, म्हणजे त्याला लाज वाटत होती. एका कंपनीने काय होतं? ज्याच्याकडे दम असतो तो शेवटपर्यंत टिकतो.

पुनम म्हणाली, "आता तरी बोला न त्याच्याशी." मी म्हटलं, माझं तोंड माझ्यासाठी आहे. ती म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जात नाई तुमचा." माझ्याच घरात मला म्हणी ऐकवतात.

२१ फेब्रुवारी

लच्छूने पेपर वाचून दाखवला. आतल्या पानावर, कोपऱ्यात. ज्या जपानी कंपनीने एचडी डीव्हीडी काढली तिनेच हात टेकले. यापुढे मशीन बनवणार नाही. पानठेल्यावर ब्लू-रेवाल्यांनी फटाके आणले. एचडीवाले म्हणाले, आम्ही तर आधीपासून ब्लू-रेचेच होतो.

मोहर्लीच्या मॅनेजरचा फोन आला. पाच मिनिटं गोड बोलला, तेव्हाच कळलं की काम मिथुनला गेलं.

दुकान लवकर बंद केलं. मशीन पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं. आता भंगारवाला आला की देऊन टाकणार. त्याने नाही घेतलं तर तळ्यात.

२४ फेब्रुवारी

आज काय झालं ते धड समजत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहितो.

सकाळी मिथुन घरी आला. सोबत मुलचेऱ्याहून आलेले त्याचे वडील, धोतर आणि नवीन शर्ट, हातात मिठाईची मडकी. मिथुनने पांढरा कुर्ता घातला होता. म्हटलं, जिंकल्याचे पेढे तोंडावर मारायला बापाला घेऊन आला! आईने त्यांना आत घेतलं. मी त्यांना बसूच दिलं नाही.

मी म्हणालो, "माह्या घरची कोणतीच गोष्ट तुमच्या दुकानात जाणार नाई. माहं मशीन नाई, माहं काम नाई, माहं नाव नाई. तुमाले काय मागाचं असन ते दुसरीकडं मागा."

म्हातारा उभाच राहिला. मिथुन म्हणाला, "श्रावणदा, एकडाव ऐकून तर घे."

"तुहं ऐकलं म्हणूनच अर्धी पाटी लावून बसलो मी. निंघ."

निघाले. म्हाताऱ्याने मडकी ओसरीवर ठेवली आणि आईला नमस्कार केला. फाटकापाशी त्याची चप्पल सुटली ती मिथुनने वाकून नीट केली.

मी आत येऊन म्हटलं, बघा कसा हाकलला. तेव्हा आई ओरडली, "अरे बह्याडा! पोरीले मागाले आले होते थे! आपल्या नूतनले!"

नूतन दारात उभी होती. हिरवी साडी नेसलेली. ती हिरवी साडी मी सकाळपासून बघत होतो आणि विचारलंसुद्धा नव्हतं.

म्हणाली, "तू मले तिकडं धाडलं न भाऊ? मी गेली. तू म्हणे अजून थांब. मी थांबली. आता मले तिकडंच राहाचं हाय."

मी म्हणालो, हा ब्लू-रेवाल्यांचा डाव आहे. ती म्हणाली, "तुह्या डोक्यात डिस्कच फिरून राह्यली दुसरं काही नाई." आणि तिने मडक्यातला रसगुल्ला काढून माझ्यासमोर खाल्ला. रडत रडत.

९ मार्च

आईने लग्न ठरवलं. मला विचारलं नाही, सांगितलं. एप्रिलमध्ये, मुलचेऱ्याला. आपल्या पद्धतीने अक्षता आणि त्यांच्या पद्धतीने शंख, दोन्ही करणार. मी सांगून टाकलं की मी येणार नाही. जिंकलेल्या माणसाच्या मांडवात हरलेल्याने काय म्हणून उभं राहायचं?

आई म्हणाली, "भाऊ म्हणून."

 नूतनने माझं दुकान सोडण्याआधी कॉम्प्युटर पुसून ठेवला. तिच्या खुर्चीवर मी आता टेपांचा गठ्ठा ठेवतो.

१८ एप्रिल

आज मुलचेऱ्याला लग्न. आई आणि पुनम परवाच गेल्या. मी खडसंगीचं काम घेतलं होतं, मुद्दाम, आजच्याच तारखेचं. धंदा आहे, थांबवता येत नाही.

सगळं व्यवस्थित झालं. फक्त कान पिळायच्या वेळी कॅमेरा बंद पडला. नवरीचा भाऊ पुढे आला, नवरदेवाने मान कलती केली, सगळे हसले आणि मला भिंगातून काही दिसेना. पार्टीला सांगितलं की बॅटरी संपली. पार्टी भांडली. ऐकून घेतलं.

घरी आलो तर कुलूप. शेजारणीने डाळ दिली, मीठ कमी होतं.

२२ एप्रिल

आई आणि पुनम परत आल्या. दोघी माझ्याशी बोलत नाहीत, तरी मला ऐकू येईल अशा बेताने एकमेकींशी बोलतात. म्हणजे लग्न चांगलं झालं म्हणायचं. पुनमने एक डिस्क माझ्यापुढे टाकली. "नूतनने देल्ली. फक्त तुमच्यासाठी म्हणे."

साधी कोरी मिळते तशी डिस्क. वर काही लिहिलेलं नाही. दुकानातल्या डीव्हीडीवर घातली, चालली नाही. कॉम्प्युटरवर घातली, नुसती घरघर. एवढा मोठा ब्लू-रेवाला आणि बहिणीच्या लग्नाची डिस्क धड बनवता येत नाही! नाचता येईना अंगण वाकडं. पुनमला तसं म्हटलं. ती म्हणाली, "तुमच्या मशीनवर लावून पाहली काय?"

"हेच तर माझं मशीन."

"हे नाई. थे."

२३ एप्रिल

आज दुपारपर्यंत लाईन नव्हती. मशीन माळ्यावरून काढून, पोतं सोडून, पुसून ठेवलं. भंगारवाला दोनदा येऊन गेला होता, पण दोन्ही वेळा मी कामात होतो. ट्रान्सफॉर्मरमध्ये पालीने अंडी घातली होती. ती काढून टाकली. लाईन येईपर्यंत तसाच समोर बसून राहिलो.

चाललं. ट्रान्सफॉर्मर गुणगुणला आणि चित्र आलं.

माझ्या फॉरमॅटमध्ये केली आहे. जग जिंकलेल्या माणसाने मेलेल्या फॉरमॅटमध्ये बहिणीचं लग्न बसवलं. ही डिस्क त्याच्या स्वतःच्या दुकानात चालणार नाही. तिच्या सासरी चालणार नाही. मोहर्लीला चालणार नाही. ती चालावी म्हणून जिल्ह्यात एकच मशीन आहे.

चुका पुष्कळ आहेत. सुरुवातीला पिवळटपणा जास्त. कॅमेरा कोणातरी शिकाऊ माणसाच्या हातात दिलेला दिसतो, शंखाच्या आवाजाला दचकून हलला. बंगाली बायका जिभेने उलूलू करतात तिथे आवाज फाटला आहे. माझी आई त्यांच्या बायकांमध्ये बसून तसंच करायला बघते आणि तिचं तिलाच हसू येतं. नूतन हिरव्या साडीत नाही, लाल साडीत आहे. तिच्या गालावरच्या हळदीचा कण न् कण दिसतो.

मग भटजी विचारतो, "नवरीचा भाऊ कोणता? या जी, कान पिळा."

सगळे इकडेतिकडे बघतात. अजय आला होता, मला माहीतही नव्हतं. लोक त्याला पुढे ढकलतात. तो हात पुढे करतो आणि मिथुन आपल्या कानावर हात ठेवतो. दोन्ही हात, दोन्ही कानांवर. मांडवात लोक हसतात.

"नाई जी," तो म्हणतो, "हे श्रावणदाचे हायत. थो येईन तवा पिळन."

भटजी म्हणतो, "अन् नाई आला तर?"

"तर राहू द्या तसेच."

आता कोणी हसत नाही. नूतन त्याच्याकडे बघते, मग थेट कॅमेऱ्यात बघते, अगदी माझ्याकडे. तो शॉट खूप वेळ धरून ठेवला आहे. मिक्सिंग तिनेच केलं असणार. आपल्या लग्नाचं मिक्सिंग स्वतः करणारी नवरी मी आजवर पाहिली नव्हती. शेवटी नुसता मिथुनचा कान आहे, अख्ख्या पडद्यावर, एकेक केस मोजून घ्यावा असा. वीस-बावीस मिनिटांची जागा संपते तिथे चित्र तुटतं.

तीन वेळा पाहिली. चौथ्यांदा लावली तेव्हा पुनम येऊन बसली, मग आई आली. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी म्हटलं, ट्रान्सफॉर्मर तापतो आहे, बंद करायला हवं. कोणी उठलं नाही.

सकाळच्या पहिल्या एस्टीने मुलचेऱ्याला निघतो, दोघं अजून तिथेच आहेत. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "जाऊन काय करशीन?"

काय करशील म्हणजे? त्याने चितळ दाखवून माझ्या वाघिणीला हरवलं, मोहर्लीचं काम घेतलं, बहीण नेली. असा पिळणार आहे की भिसीच्या नवरदेवाची आठवण व्हावी. दोन्ही पिळणार. कॅमेरा सोबत नेतो, नूतनच्या हातात देईन. माझा चेहरा धरायचा की त्याचा कान, हे तिने ठरवावं.